सहा वर्षांनी उघडणारी वाट

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत, एक वाट आहे. सहा वर्षांतून एका आठवड्यापुरतीच ती वाट असते. एरवी तिथे कुणाचं शेत असतं, कुणाचं गाई चरायचं कुरण, कुठे ओलसर दलदल, तर कुठे झुडपांचं दाट कुंपण. सहाव्या वर्षीचा जुलै आला की शेतकरी आपापल्या रानातून माणसं जातील एवढा पट्टा मोकळा करतात, कुंपणातून जागा करून देतात, आणि बारा किलोमीटरांची एक फेरी पुरी होते. हजारो माणसं तिच्यावरून चालतात. याच वाटेनं का, असं विचारलं तर उत्तर एकच, रोनान इथून चालायचा म्हणून. त्या रोनानला जाऊन चौदाशे वर्षं होत आली!

२०२५च्या जुलैमध्ये ही वाट उघडली तेव्हा मी तिच्यावरून चालले. तोवर युरोपातल्या संतांविषयी माझा समज असा होता की ते चर्चच्या रंगीत काचांमध्ये आणि संगमरवरी कोनाड्यांमध्ये असतात, त्यांचे दिवस पंचांगासारखे छापलेले असतात आणि त्यांचं काम एवढ्यावर संपतं. लोक्रोनाननं तो समज पार धुऊन काढला.

लोक्रोनान हे जेमतेम आठशे वस्तीचं गाव. कँपेर शहरातून वायव्येला बसनं निघालं की अर्ध्या तासात येतं. सगळं गाव करड्या ग्रॅनाइटचं. मधोमध दगडी चौक, चौकात जुनी विहीर, भोवती व्यापाऱ्यांची उंच, भक्कम घरं. एवढ्याशा गावात असा श्रीमंती थाट आला कुठून, तर कापडातून. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथल्या मागांवर जहाजांच्या शिडांचं जाड कापड विणलं जाई आणि दूरदूरच्या आरमारांना पुरवलं जाई. पुढे तो धंदा बसला. गावाकडे नवी घरं बांधायला पैसा राहिला नाही, आणि म्हणूनच जुनी घरं जशीच्या तशी उरली. आज चित्रपटवाले जुन्या काळाचं चित्रण करायला इथे येतात. पोलान्स्कीच्या ‘टेस’ या चित्रपटात इंग्लंड म्हणून जे दिसतं, त्यातलं काही या चौकातलं आहे.

चौकाच्या एका अंगाला पंधराव्या शतकातलं चर्च आहे आणि त्याला जोडून एक लहान चॅपेल. या चॅपेलात रोनानची समाधी आहे. काळसर, गुळगुळीत अशा केर्सांतोन दगडात कोरलेला रोनान उताणा निजला आहे. अंगावर बिशपचा पोशाख, हातात दंड, आणि दंडाचं खालचं टोक पायाशी असलेल्या श्वापदाच्या जबड्यात खुपसलेलं. ती सगळी शिळा सहा देवदूतांनी तोलून धरली आहे. त्यामुळे शिळेखाली पोकळी राहते, आणि या पोकळीतून वाकून पलीकडे जायची इथे जुनी रीत आहे. कंबर धरलेली, सांधे आखडलेले लोक संताच्या खालून जात आणि बरं वाटेल या विश्वासानं घरी परतत. मी देवदूतांचे चेहरे जवळून पाहिले. एवढा दगड खांद्यावर असून एकाच्याही चेहऱ्यावर ओझ्याची खूण नाही.

चर्चमधल्या व्यासपीठावर १७०७ साली लाकडात कोरलेली दहा गोल चित्रं आहेत. रोनानची कथा त्यांत क्रमानं मांडली आहे. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यानं प्रवचन ऐकता ऐकता ती डोळ्यांनी वाचावी, अशी सोय.

ती कथा अशी. रोनान मूळचा आयर्लंडचा. सहाव्या शतकाच्या सुमारास समुद्र ओलांडून तो ब्रिटनीच्या वायव्य किनाऱ्याला लागला. नावेतून आला असं इथे कुणी सांगत नाही. तो दगडावर बसून आला, असं सांगतात. किनाऱ्यावर लोकांची वर्दळ फार, म्हणून तो दक्षिणेला सरकला आणि नेवेच्या अरण्यात कुटी बांधून राहिला. हे अरण्य म्हणजे केल्ट लोकांची जुनी देवराई. तिथे तो एकटा राही आणि उपाशीपोटी, अनवाणी फेरी घाली. रोज छोटी फेरी आणि रविवारी मोठी, असं गावकरी सांगतात. एकदा लांडगा मेंढरू तोंडात धरून पळत होता. रोनाननं नुसतं अडवलं आणि लांडग्यानं मेंढरू खाली ठेवलं. हे पाहून एक शेतकरी त्याच्या नादी लागला. कामधंदा सोडून त्याच्या कुटीशी बसू लागला.

या शेतकऱ्याची बायको म्हणजे केबेन. सगळ्या कथेतलं सगळ्यात जिवंत माणूस कोण विचाराल, तर ही. नवरा घरात टिकेना, शेत पडून राहू लागलं, तेव्हा केबेन संतापली. तिनं आपल्या लहान मुलीला पेटाऱ्यात कोंडलं आणि कँपेरला राजा ग्राद्लोनपुढे जाऊन आरोळी ठोकली की हा परदेशी बैरागी रात्री लांडगा होतो, मेंढरं फाडतो, आणि त्यानं माझी पोर खाल्ली. राजानं रोनानवर दोन पिसाळलेले शिकारी कुत्रे सोडले. रोनाननं हवेत क्रूसाची खूण केली आणि कुत्रे जागच्या जागी थांबले. मग त्यानंच पेटारा कुठे आहे ते सांगितलं. पेटारा उघडला तेव्हा पोर आत गुदमरून मेलेली होती. रोनाननं तिला उठवलं.

एवढं होऊनही केबेन गप्प बसली नाही. अखेर रोनाननंच तो प्रदेश सोडला आणि ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर इलियों इथे जाऊन राहिला. तिथेच त्याला मरण आलं. देह कुणी न्यायचा यावरून वाद पेटला. तेव्हा असं ठरलं की देह बैलगाडीवर ठेवायचा, बैल मोकळे सोडायचे, आणि ते थांबतील ती त्याची जागा. बैल रानं, डोंगर तुडवत थेट नेवेच्या अरण्याकडे निघाले. वाटेत केबेन धुणं धूत होती. तिनं हातातलं धोपाटणं उचललं आणि एका बैलाच्या शिंगावर हाणलं. शिंग तुटलं. गाडी पुढे चालत राहिली, आणि तुटकं शिंग डोंगरमाथ्यावर गळून पडलं. केबेनला धरणीनं गिळलं. बैल थांबले तिथे आजचं चर्च आहे.

हे सगळं ज्या लॅटिन चरित्रातून आलं, ते तेराव्या शतकातलं आहे, म्हणजे रोनानच्या काळानंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहिलेलं. इतिहासकाराच्या हाती ठाम असं फार थोडं लागतं. समुद्रापलीकडून आलेले असे कितीतरी साधू पाचव्या ते सातव्या शतकांत ब्रिटनीत वसले आणि त्यांच्या नावानं गावं उभी राहिली. एवढा आधार रोनानच्या कथेमागे नक्की आहे. बाकीचं जे काही आहे, ते मला कागदावर कमी आणि वाटेवर जास्त सापडलं.

या फेरीला इथे ट्रोमेनी म्हणतात. छोटी ट्रोमेनी दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी असते, सहाएक किलोमीटरांची. मोठी सहा वर्षांनी एकदा. ती दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि तिसऱ्या रविवारी संपते. जुन्या मठाभोवती जी अभयभूमी होती, तिच्या शिवेवरून ही मोठी फेरी जाते. या शिवेच्या आत पळून आलेल्याला कुणी धरायचं नाही, असा त्या काळचा दंडक. अकराव्या शतकात ही जमीन केंपेर्लेच्या बेनेडिक्टाइन मठाला दान मिळाली, पण शीव राखली ती गावानं, पायांनी.

रविवारी दुपारी मिरवणूक निघाली. पुढे ढोलाचा संथ ठेका, मग रोनानची जुनी हातघंटा, त्याचे अवशेष, आणि मागोमाग आसपासच्या गावांचे चांदीचे क्रूस व मखमली पताका. पताका म्हणजे हलकं फडफडणारं कापड अशी कल्पना करून घेऊ नये. सोन्याच्या जरीनं भरलेलं ते जड वस्त्र उंच काठीला लावलेलं असतं, आणि काठीचं बूड कंबरेच्या चामडी पट्ट्यात खोचून ते पेलावं लागतं. वारा आला की पेलणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताठ होतात. बायकांच्या डोक्यावर लेसच्या पांढऱ्या टोप्या, अंगात काळ्या मखमलीचे भरजरी पोशाख. दोन गावांचे क्रूस समोरासमोर आले की ते एकमेकांकडे झुकवून हलकेच टेकवतात. गावानं गावाला दिलेली ही भेट पाहताना माझ्या घशात आवंढा आला.

मिरवणूक उजवी घालून, म्हणजे सूर्याच्या दिशेनं, पुढे सरकते. आमच्याकडे श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी घालतात, तिच्या चिखलाची आणि पोटऱ्यांत भरणाऱ्या गोळ्यांची आठवण पहिल्या तासातच झाली. डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचं, हे शरीराला आधीच ठाऊक होतं.

वाटेवर बारा मुख्य थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर शुभवर्तमानातला एक उतारा वाचतात. पण माझं मन अडकलं ते या थांब्यांच्या अध्येमध्ये उभ्या केलेल्या खोपींत. ओल्या फांद्यांची चौकट, वर पानांचं छप्पर, आत पांढरी चादर अंथरलेली, आणि तिच्यावर एक लाकडी संत. हा संत म्हणजे जवळपासच्या कुठल्याशा चॅपेलचा रहिवासी. या आठवड्यापुरता तो वाटेवर राहायला आलेला असतो. कुणाचा रंग उडालेला, कुणाचं नाक झिजलेलं, एकाच्या हाताची दोन बोटं गायब. शेजारी काचेच्या बरणीत निळ्या हायड्रेंजियाचे गेंद. आत कुणीतरी बसलेलं असतं. तुम्ही जवळ आलात की छोटी घंटा वाजते, संताचं नाव सांगितलं जातं आणि ताटली पुढे होते. पुष्कळ खोपींची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे चालत आली आहे.

एका खोपीत एक आजी होत्या. मी नाणं टाकलं, नमस्कार केला आणि पुढे निघाले, तर त्यांनी हातानं थांबवलं. मूर्तीच्या पायावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे स्पर्श करा. सगळे इथेच करतात." त्या पायाचं लाकूड अंगठ्याएवढ्या जागेत काचेसारखं तुळतुळीत झालं होतं. किती माणसांच्या बोटांनी ते घासलं असेल! त्या संताविषयी कुठल्या पुस्तकात धड पानभर मजकूर मिळणार नाही, पण एवढ्या हातांनी तो सांभाळला होता.

सखल भागातली शेतं आणि ओढे मागे पडले की डोंगराची चढण लागते. डोंगर म्हणजे २८९ मीटर उंची, आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही. पण सगळी फेरी सपाटीनं आणून ही चढण अखेरीला अंगावर येते, उन्हात, आणि तीही छातीवर. बोलणारे गप्प होतात. म्हाताऱ्यांच्या काखेत अनोळखी तरुणांचे हात जातात. पताका उतरवत नाहीत. पेलणारे बदलतात आणि पताका उभीच्या उभी एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाते. माथ्यावर पोचलं की समोर दुआर्ननेचा उपसागर निळाशार पसरलेला. हाच रोनानच्या नावाचा दहावा थांबा, आणि बैलाचं शिंग पडलं ती जागाही हीच. इथे मोकळ्या आभाळाखाली प्रवचन होतं. लोक गवतावर बसून पाव खातात, बूट काढून पाय मोकळे करतात.

याच डोंगराच्या अंगावर केबेनचा क्रूस आहे. धरणीनं तिला गिळलं ती ही जागा, असं मानतात. एरवी वाटेतल्या प्रत्येक क्रूसापुढे टोपी काढणारा ब्रेटन माणूस या क्रूसाला मान देत नसे. मी मात्र तिथे थांबले. कथेत ती दुष्ट आहे आणि तिच्या हातून पोरीचा जीव गेला, हे खरं. पण जिचा नवरा कुणा साधूच्या मागे लागून घर वाऱ्यावर सोडतो, त्या बाईचा राग कुठल्याही देशातल्या बाईला कळतो. ब्रिटनीत काही अभ्यासक तिच्यात जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्माची पुजारीण पाहतात, नव्या धर्माच्या साधूला आपल्या देवराईत पाय ठेवू न देणारी. ते काहीही असो, गावानं तिला वगळलेलं नाही. संताची फेरी तिच्याही जागेवरून जाते. ज्या गावानं आपल्या संताइतकीच संताची वैरीण जपली, त्याला आपली गोष्ट पुरती कळलेली आहे, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

डोंगर उतरताना वाटेलगत एक भलामोठा खडक लागतो. याच दगडावर बसून रोनान समुद्र ओलांडून आला, असं सांगतात. लोक त्याला दगडी घोडी म्हणतात. मूल व्हावं म्हणून बायका या खडकावर येऊन बसत, त्याला अंग घासत. पाद्र्यांना हे फारसं रुचत नसे, पण बायका येत राहिल्या. आजही चालता चालता काही जण त्या खडकावर हात ठेवूनच पुढे जातात.

ब्रेटन लोककथांचा मोठा संग्राहक अनातोल ल ब्राझ याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या फेरीवर लिहिलं. जिवंतपणी मोठी ट्रोमेनी ज्याने केली नाही, त्याला ती मेल्यावर करावी लागते, आणि तीही एका वेळी आपल्या शवपेटीच्या लांबीइतकंच पुढे सरकत, अशी इथली जुनी समजूत. बारा किलोमीटर, पेटी-पेटीनं! म्हणून म्हातारीकोतारीसुद्धा चालतात. आठवडाभर कुणी एकटं येतं, कुणी पहाटे, कुणी रात्री, मिरवणुकीशिवाय, कुणाशी न बोलता. अशा मूकपणे चालणाऱ्या माणसाला वाटेत कुणी हटकत नाही.

दोनासियाँ लोराँ या ब्रेटन लोकसंस्कृतीच्या अभ्यासकानं या वाटेचा नकाशा बारकाईनं तपासला. त्यांचं म्हणणं असं की ही फेरी रोनानहूनही जुनी आहे. तिचे बारा थांबे म्हणजे केल्टिक वर्षाचे बारा महिने, आणि त्या काळच्या पुरोहितांनी वर्षाचं चक्र जमिनीवर असं मांडून ठेवलं होतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पण देवराई, डोंगरमाथा, दगड आणि सूर्याच्या दिशेनं घातलेली फेरी हे सगळं एकाच ठिकाणी चालून पाहिल्यावर मला त्यात तथ्य वाटलं. तसं असेल तर रोनाननं जुनी वाट मोडली नाही. तो तिच्यावरून चालत राहिला आणि चालता चालता वाट त्याची झाली.

या संताला रोमच्या पोपनं कधी रीतसर संतपद दिलेलं नाही. पोपनं समारंभपूर्वक संत जाहीर करायची पद्धत दहाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. ब्रिटनीचे बहुतेक संत त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांना संत ठरवलं ते शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, विणकरांनी. आणि थोरामोठ्यांनीही लोकांच्या या निवाड्यापुढे मान तुकवली. दोनदा फ्रान्सची राणी झालेली ब्रिटनीची डचेस ॲन १५०५ साली इथे दर्शनाला आली होती. येशूचं चरित्र निव्वळ माणसाचं चरित्र म्हणून लिहून १८६३ साली चर्चचा रोष ओढवून घेणारा एर्नेस्ट रेनाँ हासुद्धा ब्रिटनीचाच. त्याच्या घराण्याचं नाव याच संतावरून आलेलं. चमत्कार न मानणाऱ्या या पंडितानं आपल्या आठवणींच्या पुस्तकात या रानटी, हट्टी संताविषयी मोठ्या ममतेनं लिहिलं आहे.

मला विस्मय वाटला तो याचाच. ज्याच्याविषयी इतिहासाला दोन-चार ओळींपलीकडे खात्रीनं सांगता येत नाही, त्याचं चरित्र इथे आबालवृद्धांना पाठ आहे, कारण ते त्यांच्या शिवारात मांडलेलं आहे. तो आला तो खडक इथे, बैलाचं शिंग पडलं ते इथे, केबेन गडप झाली ती इथे, गाडी थांबली ती इथे. पोराला गोष्ट सांगायची तर आई त्याला हाताला धरून नेते आणि दाखवते. धंदा बुडाला, राजवटी बदलल्या, ब्रेटन भाषा घराघरातून मागे हटली, चर्चमधली रविवारची गर्दी ओसरली. माझ्यासोबत चालणाऱ्यांत आपण श्रद्धाळू नाही असं मोकळेपणानं सांगणारेही होते. पण आजी चालली, आजोबा चालले, म्हणून तेही चालत होते. मला त्यात उणं काही वाटलं नाही. श्रद्धा आधी आणि चालणं मागून, असंच नेहमी होतं असं थोडंच आहे? कित्येकदा पाय आधी निघतात.

पुढची मोठी ट्रोमेनी २०३१च्या जुलैमध्ये आहे. छोटी तर दर वर्षी असते. पॅरिसहून कँपेरपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. मराठी प्रवासी फ्रान्सला पुष्कळ जातात, पण ब्रिटनीच्या या टोकापर्यंत क्वचितच पोचतात. जे जातील त्यांना एवढंच सांगेन की चौकात छायाचित्रं काढून, क्रेप खाऊन परतू नका. फेरीत सामील व्हा आणि ती पुरी करा. तुम्ही कुठल्या धर्माचे, कुठल्या देशाचे, असं वाटेवर मला कुणी विचारलं नाही. चढणीवर दम लागला तेव्हा मात्र पाण्याची बाटली पुढे आली. ही भूमी एके काळी आत आलेल्या प्रत्येकाला अभय देत असे, आणि तिच्या शिवेवरून चालणाऱ्या लोकांनी तो दंडक अजून सोडलेला नाही.